रॉडचं आर्क वेल्डिंग मशीन: जोडणी, सेटिंग आणि सेफ्टीबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

इथे फक्त होल्डरमध्ये रॉड पकडून करतात त्या वेल्डिंगचं बोलायचंय, मिग आणि टिग वेगळे विषय आहेत. मशीन नवीन आलंय, खोक्यातनं काढलंय, आता पुढे काय, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी मुख्यतः.

इन्व्हर्टर मशीन घेऊ की जुनं ट्रान्सफॉर्मरवालं?

छोट्या कामाला इन्व्हर्टर घ्या, फार विचार करू नका. वजन चार-सहा किलो, डीसी आउटपुट, करंट गुळगुळीत, नवशिक्याला आर्क (रॉड आणि लोखंडामधली पेटती ठिणगी) धरून ठेवायला सोपं. ट्रान्सफॉर्मरवालं जड धूड असतं, एसी देतं, लाइनवर लोड जास्त टाकतं, पण आत बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, धूळ खात वर्षानुवर्षं चालतं. इन्व्हर्टरच्या आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असतात आणि त्यांना दोन शत्रू, ग्राइंडरची लोखंडी धूळ आणि ओल. ज्याला मशीन उघड्यावर टाकून ठेवायची सवय आहे त्याने जुनंच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीनवर २०० लिहिलंय, म्हणजे २०० अँपिअरवर दिवसभर चालेल ना?

नाही. मागे किंवा बाजूला जी प्लेट असते ती वाचा, पुढचा मोठा आकडा जाहिरातीचा असतो. प्लेटवर ड्युटी सायकल टक्क्यात दिलेली असते आणि ती १० मिनिटांच्या हिशोबाने असते. २०० अँपिअरला ६० टक्के लिहिलं असेल तर १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग आणि ४ मिनिटं विश्रांती, आणि हे पण ४० अंश सेल्सियस तापमान धरून. स्वस्तातल्या मशीनवर हाच आकडा २० किंवा ३० टक्के पण असतो. करंट कमी केला की हा टक्का वाढतो, म्हणून १०० टक्क्याच्या रकान्यात किती अँपिअर आहे ते बघा, तीच मशीनची खरी ताकद. थर्मल दिवा लागून आर्क बंद झाला तर मशीन बंद करू नका, चालूच ठेवा, पंखा फिरत राहिला की आतला भाग लवकर थंड होतो.

त्याच प्लेटवर चौकटीत एस हे अक्षर असेल तर ओलसर किंवा अडचणीच्या, सगळीकडे लोखंडच लोखंड असलेल्या जागी वापरायला ते मशीन चालतं असा अर्थ आहे. याचा अर्थ पावसात चालतं असा मात्र नाही. आयपी२१ लिहिलेलं मशीन वरून सरळ पडणाऱ्या थेंबांपुरतं ठीक, आयपी२३ जरा तिरक्या शिंतोड्यांपर्यंत. पण मशीन वाचलं म्हणून ओल्या जागेत माणूस वाचत नाही, त्याबद्दल खाली आहे.

घरातल्या साध्या प्लगवर चालेल का?

कुठला रॉड जाळणार त्यावर आहे. ढोबळ हिशोब देतो. २.५ मिमीचा रॉड ८० अँपिअरवर चालवला तर आर्कला साधारण २३ व्होल्ट लागतात, म्हणजे दोन किलोवॅटच्या आत, पण मशीनचा लॉस आणि पॉवर फॅक्टर धरला तर २३० व्होल्टच्या लाइनमधून १४-१५ अँपिअर ओढले जातात. म्हणजे १६ अँपिअरच्या चांगल्या पॉइंटवर जेमतेम बसतं. ३.१५ चा रॉड ११० अँपिअरवर नेला की लाइनचे २० च्या आसपास, आणि २०० वर मशीन पूर्ण खेचलं तर ४० च्या पुढे जाऊ शकतं. त्यामुळे ५-६ अँपिअरच्या छोट्या प्लगवर हे लावायचंच नाही, आणि जाड रॉड जाळायचा असेल तर मीटरपासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, इंडस्ट्रियल सॉकेट हे सगळं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मशीनच्या प्लेटवर इनपुट करंट दोन प्रकारे दिलेला असतो, जास्तीत जास्त आणि इफेक्टिव्ह, इलेक्ट्रिशियनला ते दोन्ही दाखवा.

चालू करताक्षणी एमसीबी पडतोय अशी तक्रार खूप येते. इन्व्हर्टर सुरू होताना आतले कपॅसिटर एकदम भरतात, त्या झटक्याने बी टाइपचा एमसीबी पडतो, सी किंवा डी टाइप सहसा टिकतो. एमसीबीचा आकडा मात्र वायरच्या जाडीपेक्षा जास्त नको, नाहीतर एमसीबी शांत बसतो आणि भिंतीतली वायर तापते.

एक्स्टेंशन बोर्ड लावला तर?

साधा बोर्ड नाही. किमान २.५ चौरस मिमीची तांब्याची तीन कोरची केबल, लांब न्यायची असेल तर ४ ची. आणि रीळवाली असेल तर पूर्ण उलगडून ठेवायची, अर्धी गुंडाळलेली ठेवली की आतली उष्णता बाहेर जात नाही, इन्सुलेशन वितळतं. लांब पातळ केबलवर व्होल्टेज पडतो, आर्क मलूल होतो, मग माणूस नॉब वाढवतो, मग लाइन अजून जास्त खेचली जाते. नॉबला दोष देण्याआधी केबलला हात लावून बघा, गरम लागली तर तिथेच उत्तर मिळालं.

जनरेटरवर?

चालतं, पण मशीनच्या इनपुट केव्हीएच्या दीडपट ते दुप्पट ताकदीचा जनरेटर हवा. छोट्या जनरेटरवर व्होल्टेज वरखाली होतो आणि इन्व्हर्टरची कार्ड त्यात जातात. आधी जनरेटर सुरू करायचा, तो स्थिर झाला की मगच मशीन. बंद करताना उलटं.

अर्थ क्लिप आणि अर्थिंग एकच ना?

नाही, आणि या एका गोंधळातून निम्म्या तक्रारी आणि बरेचसे धोके येतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्लगमधली तिसरी जाड पिन म्हणजे अर्थिंग. मशीनच्या आत वायर सुटून बॉडीला लागली तर करंट त्या वाटेने जमिनीत जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (करंटची गळती पकडणारा स्विच) पडतो. ती पिन कापून टाकलेली, किंवा दोन पिनचा जुगाड केलेला, असं मशीन वापरायचं नाही, विषय संपला.

होल्डरची जोडीदार असलेली जी क्लिप आपण जॉबला, म्हणजे ज्या लोखंडावर काम करतोय त्याला, लावतो ती परतीची वाट आहे. होल्डरमधून निघालेला सगळा करंट, ८० असो की १५०, त्या क्लिपमधून मशीनला परत गेलाच पाहिजे. ती क्लिप रंगावर, गंजावर, धुळीच्या टेबलावर लावली की मग आर्क फडफडतो, क्लिपचे दात तापतात, रॉड चिकटतो. ग्राइंडरने किंवा वायर ब्रशने रुपयाएवढी जागा चकचकीत करा आणि तिथे क्लिप लावा, शक्यतो जोडाच्या जवळ आणि थेट जॉबवर. क्लिपची स्प्रिंग ढिली असेल तर क्लिप बदला, तिला वायरने बांधून चालवू नका.

धोक्याची बाजू अशी की क्लिप नीट बसली नाही तर करंट दुसरी वाट शोधतो. बिल्डिंगचं स्टील, पाण्याचा पाइप, क्रेनची साखळी, बेअरिंग, दुसऱ्या कुठल्या मशीनची अर्थिंगची बारीक वायर, जे सापडेल ते. १०० अँपिअर बारीक अर्थिंग वायरमधून गेले तर ती जळते, आणि जळल्यावर त्या दुसऱ्या मशीनला अर्थिंग उरत नाही, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून क्लिप दहा फूट लांब गेटच्या बिजागरीला लावून इकडे वेल्डिंग करणं ही सवय मोडा.

आणि एक, आरसीसीबी लावलाय म्हणून होल्डरचा शॉक बसणार नाही असं समजू नका. आउटपुटची बाजू मशीनच्या आत ट्रान्सफॉर्मरने वेगळी केलेली असते, तिथला शॉक आरसीसीबीला दिसतच नाही.

होल्डर प्लसला लावू की मायनसला?

डीसी मशीन असेल तर रॉडच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, ते पाळा. ७०१८ नंबरच्या रॉडसाठी होल्डर प्लसला. ६०१३ नंबरचा दोन्हीकडे चालतो (या नंबरांबद्दल खाली आहे), जाड कामाला प्लस, पातळ पत्र्याला मायनस करून बघा कारण मायनसवर पेनेट्रेशन (वेल्डिंग आत शिरणं) कमी होतं आणि भोक पडायचा धोका कमी. एसी मशीनला हा प्रश्नच नाही. केबलचा कनेक्टर आत घालून घट्ट पिळायचा, नुसता ढकलून सोडला तर तो सॉकेटच जाळतो, आणि हे सॉकेट जळालेलं मशीन रिपेअरला खूप येतं.

केबलची जाडी १६० ते २०० अँपिअरला २५ चौरस मिमी धरा. खोक्यात येणारी केबल बऱ्याचदा बारीक असते किंवा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, वजनाला हलकी लागली की ओळखायचं.

६०१३ आणि ७०१८ मध्ये फरक काय, कुठला घेऊ?

पहिले दोन आकडे ताकदीचे, ६० म्हणजे चौरस इंचाला ६०,००० पौंड, म्हणजे साधारण ४२ किलो प्रति चौरस मिमी. तिसरा आकडा १ म्हणजे सगळ्या पोझिशनला चालतो. शेवटचा आकडा वरचं कोटिंग आणि करंटचा प्रकार सांगतो.

शिकायला आणि ग्रिल, टेबल, रॅक, गेट असल्या कामाला ६०१३. पटकन पेटतो, आर्क मऊ, स्लॅग (जोडावर जमणारी कोटिंगची कडक खपली) सहज निघतो. ७०१८ लो हायड्रोजन रॉड आहे, जिथे भार येणार, जाड माल आहे, हादरे आहेत तिथे तो. पण तो ओलाव्याला फार नाजूक आहे, कोटिंगमधला ओलावा आर्कमध्ये फुटून त्याचा हायड्रोजन जोडात जातो आणि जाड किंवा कडक स्टीलमध्ये वेल्डिंग झाल्यावर कित्येक तासांनी तडा जाऊ शकतो, म्हणजे संध्याकाळी बघितलं तर जोड ठीक, सकाळी चीर. पाकीट उघडल्यावर ७०१८ रॉड ओव्हनमध्ये १२० ते १५० अंशांवर ठेवतात, आणि ओल धरली असेल तर कंपनीने दिलेल्या तापमानाला, साधारण ३५० अंशांच्या आसपास, पुन्हा भाजतात. ६०१३ ला एवढं भाजू नका, त्याच्या कोटिंगला थोडा ओलावा लागतोच, फार भाजला की बिघडतो. त्याला १०० ते १५० अंश पुरे.

काही छोट्या इन्व्हर्टरवर ७०१८ पेटतच नाही, कारण मशीनचा ओपन सर्किट व्होल्टेज (रॉड टेकलेला नसताना होल्डरवर असतो तो) कमी असतो. मशीन घेताना विचारून घ्या.

अँपिअर किती ठेवू?

रॉडच्या जाडीवरून सुरुवात करा. २ मिमीला ४० ते ७०, २.५ ला ६० ते ९०, ३.१५ ला ९० ते १३०, ४ मिमीला १३० ते १८०. दर मिमीला ३०-४० अँपिअर असं लक्षात ठेवलं तरी चालेल. मग भंगारातल्या त्याच जाडीच्या तुकड्यावर एक लाइन मारून बघा. बीड (वेल्डिंगची पडलेली रेघ) उंच, दोरीसारखी वर बसलेली, कडांना न मिसळलेली असेल तर करंट कमी आहे. बीड सपाट पसरलेली, कडेला खाच पडलेली, ठिणग्या खूप आणि रॉड अर्ध्यात येईपर्यंत लालबुंद झालेला असेल तर जास्त आहे. उभ्या आणि डोक्यावरच्या जोडाला थोडा कमी ठेवतात.

नॉबवरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. दोन वेगळ्या मशीनवरचे १०० सारखे असतीलच असं नाही.

रॉड सारखा चिकटतो, काय करू?

सगळ्यांचा चिकटतो सुरुवातीला. आधी करंट ५-१० ने वाढवा, क्लिपची जागा साफ करा, रॉड कोरडा आहे का बघा. पेटवताना काडेपेटीवर काडी ओढतो तसा रॉड ओढायचा आणि आर्क दिसला की लगेच दोन-तीन मिमी वर. टोचून पेटवणं नंतर जमेल. रॉडच्या टोकाला आधीच्या वेल्डिंगची काचेसारखी पापुद्री जमलेली असते ती बाजूला घासून काढा, नाहीतर आतली तार टेकतच नाही.

चिकटलाच तर मनगटाने झटका देऊन सोडवा, नाही सुटला तर होल्डरचं दांडकं दाबून रॉड सोडून द्या. हेल्मेट उचलून मगच झटापट करायची असं नको, सुटताना आर्क पेटतो आणि तो थेट डोळ्यात जातो. अँटी स्टिक असलेलं मशीन रॉड चिकटला की करंट आपोआप पाडतं, हॉट स्टार्ट पेटताना क्षणभर करंट वाढवतं, आर्क फोर्स आर्क फार आखूड झाला की जोर देतं. नवशिक्याला हे तिन्ही उपयोगाचे आहेत.

जोड वरून छान दिसतो पण हातोडी मारली की तुटतो

धातू वर बसलाय, आत शिरला नाही. करंट कमी, हात फार पटपट, किंवा मधे स्लॅग अडकलाय. ४ मिमीच्या वर जाडी असेल तर कडा तिरक्या घासून व्ही करा आणि मधे थोडी फट ठेवा. एकावर एक थर देताना प्रत्येक थराचा स्लॅग पूर्ण काढा. हा आळस सगळे करतात आणि तिथेच जोड कच्चा राहतो.

आर्कची लांबी रॉडच्या तारेच्या जाडीएवढी ठेवायची. आवाजावरून पण कळतं, कढईत तळतोय असा एकसारखा चुरचुर आवाज हवा. फटफट आणि फुसफुस होत असेल तर आर्क लांब झालाय, मग छिद्रं पडणार, ठिणग्या वाढणार. रॉड जळत जातो तसा हात खाली आणावा लागतो हे नवशिके विसरतात, पुढे नेण्यातच सगळं लक्ष जातं. रॉड पुढच्या दिशेला १० ते २० अंश कललेला, म्हणजे आपण ओढत नेतोय असा. आणि नजर उजेडाच्या ठिपक्यावर न ठेवता त्याच्या मागच्या वितळलेल्या डबक्यावर ठेवा, डबक्याची रुंदी एकसारखी राहिली की स्पीड बरोबर आहे.

छिद्रांची बाकी कारणं म्हणजे रंग, तेल, गंज, ओला रॉड आणि जोराचा वारा.

पातळ चौकोनी पाइपला भोकं पडतात

२ मिमीचा रॉड, कमी करंट, होल्डर मायनसला, आणि सलग न ओढता छोटे छोटे टाके, एक इथे एक लांब, मधे थंड होऊ देत. एका बाजूने सगळं भरत गेलात तर फ्रेम वाकडी होणार हे पण नक्की, त्यामुळे आधी चारी कोपऱ्यांना टॅक (तात्पुरता छोटा टाका), गुण्या लावून बघायचं, मग उरलेलं. १ मिमीच्या खालच्या पत्र्याला रॉडने नाद करू नये, ते मिगचं काम आहे.

काच किती नंबरची? ऑटो हेल्मेट सुरक्षित आहे का?

६० ते १६० अँपिअरला १० नंबर, १६० च्या वर २५० पर्यंत १२. आधी गडद काच लावून बघा, डबकं दिसत नसेल तर एक नंबर उतरा, पण ६० ते १६० मध्ये ८ च्या खाली आणि त्याच्यावर १० च्या खाली जाऊ नका. साधा गॉगल, दोन गॉगल एकावर एक, एक्स-रे फिल्म, यातलं काहीच चालत नाही, अंधार झाला म्हणजे अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेड अडलं असं नसतं.

ऑटो हेल्मेटबद्दल लोकांना वाटतं की काळं होईपर्यंत डोळ्यात किरण जातात. चांगल्या हेल्मेटमध्ये अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेडचा फिल्टर काच उजळ असताना पण काम करत असतो, काळं होतं ते नुसत्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडापुरतं. फक्त बॅटरी बघा, सेन्सरवर ठिणग्यांचे डाग नकोत, आणि रोज सुरू करताना एकदा तपासा. माझ्या मते नवशिक्याने पहिला जास्तीचा पैसा इथेच घालावा, दोन्ही हात मोकळे राहतात आणि रॉड कुठे टेकवतोय ते पेटण्याआधी दिसतं. हातात धरायच्या स्क्रीनने एक हात कायम अडकतो.

हेल्मेटच्या आत साधा पारदर्शक चष्मा पण घाला. स्लॅग ठोकताना सगळे हेल्मेट वर करतात आणि तो गरम तुकडा नेमका डोळ्याकडेच उडतो.

रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय, झोप येत नाही

बुबुळाच्या वरच्या थराला आर्कचा चटका बसलाय. हे लगेच कळत नाही, काही तासांनी, साधारण सहा ते बारा तासांत सुरू होतं, म्हणून बहुतेक वेळा रात्रीच. पाणी येतं, उजेड सहन होत नाही. अंधारात राहा, डोळे चोळू नका, काँटॅक्ट लेन्स असतील तर काढा, थंड पट्टी ठेवा. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं होतं, पण डॉक्टरला दाखवाच, कारण डोळ्यात लोखंडाचा कण रुतला असेल तर लक्षणं अशीच असतात आणि तो आपोआप जात नाही. बधिर करणारे ड्रॉप्स आपल्या मनाने घालू नका, दुखणं थांबतं पण जखम भरायची थांबते. बटाट्याचा कीस, दूध, मध वगैरे डोळ्यात घालू नका.

शेजारी उभं राहून बघणाऱ्याला पण हे होतं, भिंतीवरून परत आलेल्या उजेडानेही होतं. मुलं असतील तर आधी त्यांना लांब पाठवा, मधे ताडपत्री किंवा वेल्डिंगचा पडदा लावा.

कपडे काय घालू?

जाड सुती, पूर्ण बाह्यांचे, गळा बंद. टेरिकॉट, नायलॉन, ट्रॅकपँट अजिबात नाही, ते वितळून कातडीला चिकटतात. पँटच्या खालच्या घड्या उलगडा, खिशातला लायटर बाहेर ठेवा, पँट बुटांच्या बाहेर असू द्या. चामड्याचे कोपरापर्यंतचे ग्लोव्हज आणि चामड्याचे बूट. चप्पल घालून वेल्डिंग करणाऱ्यांच्या पायावरचे डाग बघा एकदा. उघड्या गळ्यावर आणि हातावर उन्हासारखी कातडी भाजते, अर्ध्या तासाच्या कामानेही.

होल्डरला ७०-८० व्होल्टच असतात, त्याने काय होतंय?

माणूस मरू शकतो. वेल्डिंग चालू असताना आर्कवर २०-३० व्होल्ट असतात, पण रॉड टेकलेला नसतो तेव्हा होल्डरवर पूर्ण ओपन सर्किट व्होल्टेज, ६० ते ८०, कधी जास्त. कोरडे ग्लोव्हज, कोरडी कातडी असेल तर जाणवत नाही आणि तिथूनच बेफिकिरी येते. घामाने भिजलेला शर्ट, ओले ग्लोव्हज, ओल्या जमिनीवर गुडघा, पाठ लोखंडाला टेकलेली, अशा अवस्थेत शरीराचा रेझिस्टन्स एकदम खाली येतो. एसी मशीन असेल तर धोका अजून जास्त.

म्हणून कोरड्या लाकडी फळीवर किंवा रबरी मॅटवर उभं राहायचं, ग्लोव्हजची दुसरी जोडी ठेवायची आणि घामाने भिजली की बदलायची, रॉड उघड्या हाताने बदलायचा नाही, होल्डर काखेत धरायचा नाही, केबल अंगाभोवती किंवा खांद्यावर गुंडाळायची नाही, गरम होल्डर पाण्यात बुडवायचा नाही. होल्डरचं इन्सुलेशन फुटलं असेल तर टेप न मारता होल्डर बदला. पावसात काम बंद. टाकीत किंवा अडचणीत शिरून काम असेल तर व्हीआरडी असलेलं मशीन घ्या, रॉड टेकलेला नसताना ते व्होल्टेज खाली आणून ठेवतं. आणि एकट्याने नाही, बाहेर मेन स्विचजवळ दुसरा माणूस पाहिजे. कोणाला शॉक बसून चिकटला असेल तर त्याला हात लावण्याआधी मेन बंद.

धुराचं किती मनावर घ्यावं?

बरंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय, साध्या लोखंडाच्या वेल्डिंगसकट. मुख्य गोष्ट एवढीच की डोकं धुराच्या वर न्यायचं नाही. वाकून नाक जोडावर आणण्यापेक्षा बाजूला बसा, पंखा बाजूने लावा म्हणजे धूर तोंडासमोरून सरकेल. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूर अडत नाही, वेल्डिंगच्या धुराला चालणारा मास्क लागतो, एन९५ किंवा पी२ दर्जाचा तरी.

जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला, हे वेगळं प्रकरण. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं आणि आर्क हजारो अंशांचा, त्यामुळे पांढरा धूर निघतो. काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, तोंडात धातूची चव, अगदी फ्लूसारखं, एक-दोन दिवसांत उतरतं. आधी दूध प्यायलं की काही होत नाही हे सगळ्या वर्कशॉपमध्ये ऐकायला मिळतं. धूर फुप्फुसात जातो, दूध पोटात, त्यात संबंध काय ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन इंच मुलामा घासून काढा, तेही मास्क लावून. छातीत भरून आलं, दम लागला तर घरी वाट न बघता दवाखाना.

स्टेनलेसच्या धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचा विषारी प्रकार) असतं, तिथे जास्त काळजी. आणि ब्रेक क्लीनर किंवा क्लोरीन असलेल्या सॉल्व्हंटने साफ केलेल्या जॉबवर वेल्डिंग अजिबात नाही, उष्णता आणि अल्ट्राव्हायोलेटने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू बनतो. साबण-पाणी किंवा अॅसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, बाटली आणि चिंधी लांब नेऊन ठेवा.

रिकामी पेट्रोलची टाकी किंवा ड्रम वेल्ड करता येईल का?

नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत वाफ आणि हवेचं मिश्रण असतं. पाण्याने एकदा विसळलं, रात्रभर उघडी ठेवली, वास येत नाही, यातलं काहीही पुरेसं नाही. हे काम तेवढी तयारी असलेल्याकडेच द्या. दोन्हीकडून बंद असलेला पाइप किंवा पोकळ भाग असेल, अगदी कोरा असला तरी, आधी छोटं भोक पाडा, आतली हवा तापून फुगते आणि वितळलेला धातू तोंडावर उडवते.

आगीसाठी काय तयारी ठेवू?

ठिणग्या दहा मीटरपर्यंत जातात आणि फटीतून खालच्या मजल्यावर पण पडतात. लाकूड, थिनर, पोती, फोम, सुका कचरा आधी हलवा, हलत नसेल तर न जळणारं कापड टाका. भिंतीला किंवा पत्र्याला वेल्डिंग करताय तर पलीकडच्या बाजूला काय आहे ते जाऊन बघा. वाळूची बादली आणि एक्स्टिंग्विशर हाताशी. काम संपल्यावर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर तिथेच थांबा, कारण भुशात किंवा गादीत गेलेली ठिणगी आधी नुसती धुमसते. संध्याकाळी शेवटचा टाका मारून लगेच कुलूप लावून घरी जाणं सगळ्यात धोक्याचं.

गाडीच्या चॅसिवर वेल्डिंग करायचंय

बॅटरीची आधी मायनस मग प्लस वायर काढा, कंपनीने सांगितलं असेल तर ईसीयूचे (गाडीच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर पण. क्लिप जोडाच्या अगदी जवळ, बेअरिंग, गिअरबॉक्स किंवा ब्रेकची लाइन वाटेत येणार नाही अशी. इंधनाची लाइन आणि टाकी कुठून जाते ते आधी शोधा.

पेसमेकर असलेल्याने करावं का? आणि काँटॅक्ट लेन्स डोळ्याला चिकटतात म्हणे?

पेसमेकर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू मशीनच्या जवळपास पण नको, केबलभोवती मॅग्नेटिक फील्ड मोठं असतं. लेन्स चिकटल्याची गोष्ट अफवा आहे. चटका बसतो तो लेन्स असो नसो, पुरेशी काच लावली नाही तर.

मशीनची निगा काय ठेवायची?

महिन्या-दोन महिन्यांनी, धुळीत काम असेल तर लवकर, प्लग काढून कोरड्या हवेने जाळीतून धूळ उडवा. कव्हर काढायचं असेल तर प्लग काढल्यावर थांबा, कपॅसिटरमध्ये बराच वेळ चार्ज राहतो, माहिती नसेल तर उघडूच नका. ग्राइंडरच्या ठिणग्या मशीनकडे जातील असं बसू नका, पंखा ती लोखंडी धूळ आत ओढतो आणि कार्डावर शॉर्ट होतं. मागे-पुढे हवेला फूटभर जागा सोडा.

मशीन चालू आहे, पंखा फिरतोय, पण आर्कच येत नाही

याच क्रमाने बघा. थर्मल दिवा लागलाय का, क्लिप कोऱ्या धातूवर आहे का, दोन्ही कनेक्टर पिळून घट्ट आहेत का, रॉड होल्डरमध्ये कोटिंग नसलेल्या टोकाने पकडलाय का (हसू नका, होतं असं). मग मशीन बंद करून, प्लग काढून केबल हाताने चाचपून बघा, होल्डरच्या दांड्यात शिरते तिथे आतले तांब्याचे तार तुटलेले असतात आणि बाहेरून रबर शाबूत दिसतं. तिथे केबल नेहमीपेक्षा मऊ किंवा लुळी लागली की चार इंच कापून नवीन टोक होल्डरमध्ये कसून बसवा. एवढं करूनही नाही आला तर मग मेकॅनिककडे.